दोन कादंबऱ्यांचा मानपान

सुदुंबरे,
७ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेरणा हिस सासूकडून आशीर्वाद.

आम्ही इकडे सगळे धड आहोत. तुम्हीही तिकडे लोणावळ्यात, तुंगार्लीच्या माहेरी धड असाल असं मी धरून चालले आहे, कारण फोन तू उचलत नाहीस, आणि निलेशला विचारावं तर तो ‘बरी आहे’ म्हणतो आणि चपला काढून आत जातो. दर रविवारी हा मुलगा लोणावळ्याला जातो, दिवसभर बसतो आणि एवढे दोनच शब्द घेऊन येतो. स्वतःची बायको कशी आहे हे ज्याला नीट सांगता येत नाही, त्याच्या भरवशावर मी कुठवर राहू? म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतंच.

तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग. बाबांचा गुडघा कसा आहे? ज्या बंगल्याची ते देखरेख करतात तिथे दिवसभर जिने चढायचे-उतरायचे म्हटल्यावर गुडघा बरा व्हायचा कसा? त्यांना सांग, मालक वर्षातून दोनदा येतात, वरच्या मजल्यावरची धूळ काही पळून जात नाही.

भात काढून झालं. ऐन कापणीत पाऊस आला आणि खालची खाचरं लोळली, पण बाकीचं हाती लागलं. तुझे सासरे दिवसभर खळ्यावर असतात. संध्याकाळी हातपाय धुतले की विचारतात, पोरीचा काय निरोप? मी म्हणते, काही नाही. मग ते टीव्ही लावतात आणि आवाज मात्र बंद ठेवतात. हे नवीनच सुरू झालंय.

आता मुद्द्याचं. हॉल तिकिटं आली. तुझं आणि माझं, दोन्ही मीच अभ्यासकेंद्रातून आणली. ११ डिसेंबरला तौलनिक साहित्याभ्यास आणि पुढच्या आठवड्यात भाषाविज्ञान, दोन्ही तळेगावलाच. मागच्या खेपेला आपले हेच दोन पेपर राहिले. तू उलट्यांनी बेजार होतीस म्हणून बसलीच नाहीस, आणि मी धडधाकट बसून नापास झाले. केंद्रावरच्या अश्लेषा मॅडमनी परवा स्वच्छ सांगितलं, आपल्या नोंदणीची मुदत यंदा संपते. आत्ता पेपर दिले नाहीत तर पहिल्यापासून सगळं. नवी नोंदणी, सगळे विषय पुन्हा.

माझं काय गं, पन्नाशीची बाई मी. एम.ए. झाले काय आणि न झाले काय, भात तेवढंच पिकणार. पण तुझं तसं नाही. ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं आहे, हे तू पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत सांगितलं होतंस, हातात चहाचा ट्रे धरून, कोणी विचारलेलंही नसताना. तुझ्या मावशीने डोळे वटारले. मी मात्र त्याच क्षणी ठरवलं की मुलगी हीच. आणि लग्नाला वर्ष होत नाही तर मलाही ओढलंस. ‘आई, बी.ए. झालात, आता थांबायचं कशाला?’ असं म्हणून माझाही फॉर्म भरून टाकलास. आता मला मधेच सोडून बसलीस तर चालेल का?

माझी दशा ऐक. मॅडमनी सरावासाठी एक प्रश्न दिला. त्या दोन कादंबऱ्या आहेत ना, आपण एकीला ‘विहीर’ म्हणतो आणि एकीला ‘दीपगृह’, त्यांतल्या शोकाची तुलना करा. मी म्हटलं, यात काय अवघड? दोन्ही मला तोंडपाठ. विहिरीतल्या बाईचा मुलगा बुडून जातो आणि गावच्या बाया तिच्याभोवती दिवसरात्र बसून राहतात. दीपगृहातल्या बाईचा नवरा समुद्रावरून परत येत नाही आणि त्या बेटावर तिच्याशिवाय कोणीच नसतं. मी बसले लिहायला आणि भरभरून लिहिलं. आधी विहिरीचं सगळं कथानक, पात्रं, भाषा, निसर्ग. मग दीपगृहाचं सगळं कथानक, पात्रं, भाषा, निसर्ग. एकीला जेवढी पानं तेवढीच दुसरीला. विहिरीला ‘अविस्मरणीय’ म्हटलं, तर दीपगृहाला ‘अजोड’ म्हटलं. मराठी कादंबरी घरची म्हणून तिला आधी घेतलं, तर दुसरी परदेशातून अनुवाद होऊन आलेली, पाहुणी, म्हणून तिच्या भाषेचं कौतुक दोन ओळी जास्त केलं, कोणाला डावललं असं वाटायला नको. आणि शेवटी लिहिलं, ‘अशा रीतीने दोन्ही कादंबऱ्या आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत.’

मॅडमनी वही परत दिली. खाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘अनिताताई, ही तुलना नाही. हा लग्नातला मानपान आहे. दोन्हीकडच्यांना फेटे बांधले, नारळ दिले. पण तुम्हाला म्हणायचंय काय?’

मी घरी येईपर्यंत रिक्षात हसत होते आणि घरी आल्यावर मात्र मला रडू आलं. अगं, आयुष्यभर मी हेच केलं की. या घरात जावा, नणंदा, भावजया, कोणी रुसू नये म्हणून प्रत्येकीला सारख्या काठाची साडी घेतली आणि दोघी भांडल्या तर दोघींनाही तुझंच बरोबर म्हटलं. त्याला सगळे चांगुलपणा म्हणायचे. तोच चांगुलपणा परीक्षेत नापास करतो, हे मला कोणी आधी का नाही सांगितलं?

तू असतीस तर ओट्यावर बसवून पाच मिनिटांत समजावलं असतंस. पत्राचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण हा निबंध कसा बांधायचा तेवढं कळव. बाकी मी काही विचारत नाही. विश्रांती घे, डॉक्टरांनी सांगितली आहे तशी. लोणावळ्यात थंडी पडली असेल, कानाला बांधून बाहेर पडत जा.

तुझी सासू,
अनिता


सुदुंबरे,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. प्रेरणा,
आशीर्वाद.

तुझा फोटो मिळाला. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझं नाव वर आलेलं दिसलं तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच फोन उचलला. तुझे सासरे म्हणाले, “आगं फोन बिगडंल.” मी म्हटलं, बिघडू दे.

फोटोत फक्त वहीचं एक पान. ‘आई’ नाही, ‘नमस्कार’ नाही, ‘मी बरी आहे’ नाही. पण पानभर तुझं अक्षर होतं, ते पाहूनच मला हायसं वाटलं. मी ते मोठं करून करून वाचलं. आधी एकच वाक्य लिहा, तुम्हाला काय म्हणायचंय ते. मग पुस्तकं घेऊ नका, मुद्दा घ्या. प्रत्येक मुद्द्याच्या परिच्छेदात दोन्ही पुस्तकं आली पाहिजेत. सारखेपणावर थांबू नका, सारखं दिसत असूनही वेगळं कुठे होतं ते शोधा आणि का होतं ते सांगा. शेवटी पहिल्या वाक्याकडे परत या, पण ते तसंच्या तसं लिहू नका, मधल्या मुद्द्यांनी त्याच्यात काय भर घातली ते लिहा. आणि सगळ्यात खाली, ‘कोणी रुसत नाही, आई. पुस्तकं आहेत ती.’

हे शेवटचं वाचून मी मोठ्याने हसले. पोरगी चेष्टा करते म्हणजे सुधारतेय, असं मी तुझ्या सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी त्या दिवशी टीव्हीचा आवाज सुरू केला.

मग मी सरावाला लागले. आधी काहीही घेऊन करून बघितलं. आपली इंद्रायणी आणि दुकानातला कोलम, दोन्ही एकाच पाण्यात, एकाच गॅसवर शिजवले आणि मुद्दे काढले. वास, चिकटपणा, दुसऱ्या दिवशीचा फोडणीचा भात. निलेश म्हणाला, आई, तू परीक्षा देतेयस की हॉटेल काढतेयस? पण मला युक्ती कळली. नुसतं ‘दोन्ही तांदूळच’ म्हटलं तर ते खरं आहे, पण त्याने काहीच कळत नाही. ज्याने काही कळत नाही ते खरं असून करायचं काय?

त्यानंतर दोन्ही कादंबऱ्या पुन्हा वाचायला घेतल्या. विहिरीत एक जागा आहे, तुला आठवेल. ती बाई भिंतीला टेकून बसली आहे आणि एकेक शेजारीण येऊन आपापलं गेलेलं मूल सांगते. माझं पण असंच झालं, माझ्या बहिणीचं पण असंच झालं. सगळ्या चांगल्या बाया, पोटतिडकीने बोलतात. आणि ती बाई हळूहळू मान खाली घालते. मागच्या वर्षी मी त्या जागी समासात लिहून ठेवलं होतं, ‘ग्रामीण जीवनातील आपुलकीचे सुंदर दर्शन.’ या वेळी ते वाचलं आणि पुस्तक मिटलं. दोन दिवस उघडलं नाही.

पुढचं लिहू का नको, असं होतंय. पण लिहिते. तू म्हणालीस ना, आधी म्हणायचंय ते एका वाक्यात लिहा. तर ते वाक्य असं आहे: दवाखान्यात मी तुझं दुःख तुझ्याकडून काढून घेतलं.

तू डोळे उघडलेस तेव्हा उशाशी मीच होते. आणि मी काय म्हणाले, तर, होतं असं, माझंही पहिलं असंच गेलं होतं निलेशच्या आधी, वर्षात पाळणा हलेल बघ. तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. मला वाटलं, दमली आहे. बाहेर येऊन मी सगळ्यांना सांगितलंही, समजूत घातली आहे तिची. मग घरी आणल्यावर नंदाबाई शेजारीण आली ती भाचीचं घेऊन, आणि तिच्यामागून आलेल्या बाया आपापलं घेऊन आल्या. मी सगळ्यांना चहा करून पाजला. सव्वा महिना तू ते ऐकलंस आणि मग बॅग भरलीस. मी मनात म्हटलं, माहेरी जाऊन मोकळी होईल. मी काय केलं ते मला खरंच कळलं नव्हतं गं.

आता तू शिकवल्याप्रमाणे मुद्दे काढते. माझं तिसऱ्या महिन्यात गेलं, आहे म्हणून नीट कळायच्याही आधी. तुझं सातवा लागून, ओटी भरून झाल्यावर. मी काही पाहिलं नव्हतं. तू तिला पाहिलंस, हातात घेतलंस, निलेशनेही घेतलं. मला कोणी काही बोललंच नाही, आठवड्यात मी लावणीला गेले आणि चिखलात उभी राहून एकटी रडले, कोणी बघत नव्हतं ते बरंच होतं. तुझ्याशी मात्र सगळे एवढं बोलले की तुला रडायला जागा उरली नाही. सारखं एवढंच की दोघींना दुखलं. त्या एका सारखेपणावर मी थांबले आणि बाकीचं पाहिलंच नाही.

आणखी एक आहे. नर्सने मलाही विचारलं होतं, आजी, बघणार का? मी नको म्हणाले. सगळ्यांना वाटलं की मन घट्ट केलंय. मन घट्ट कसलं, मी घाबरले होते. पाहिलं असतं तर ते सगळं खरं झालं असतं, आणि मग ‘होतं असं’ म्हणायला माझी जीभ उचलली नसती. आपल्या घरात हे अजून कोणाला माहीत नाही. तुझ्या सासऱ्यांनाही नाही.

चुकलं माझं, प्रेरणा. याला दुसरा शब्द मला सापडत नाही आणि शोधायचाही नाही.

आता ११ तारखेचं. तू पेपरला ये, एवढंच माझं मागणं आहे. मी हे लिहिलं म्हणून माझ्यावर मेहरबानी म्हणून येऊ नकोस. सुदुंबऱ्याला येऊही नकोस हवं तर. सकाळच्या लोकलने तळेगावला उतर, पेपर दे, आणि तशीच परत जा. तुझं हॉल तिकीट घेऊन मी गेटवर उभी असेन. तू बोललीस तर बोलेन, नाही बोललीस तर तिकीट तुझ्या हातात देऊन आत जाईन. तुझ्या हातून एवढं सगळं गेलं, आता एम.ए.सुद्धा जायला नको. शिकवायला उभी राहिलेली मला तू बघायची आहेस, आणि ती काही नातवंडाच्या बदल्यातली गोष्ट नाही. ती वेगळी आहे, तिची वाट मी वेगळी पाहते आहे.

स्वेटर घालून ये, सकाळी गाडीत वारं लागतं.

तुझी,
अनिता


सुदुंबरे,
११ डिसेंबर २०२५, संध्याकाळ

प्रेरणा,

तुला घरी पोचून तास झाला नसेल आणि मी इकडे पुन्हा कागद घेऊन बसले आहे. तुझे सासरे म्हणतात, “आत्ता तर भेटलीस तिला, परत पत्र कसलं?” मी म्हटलं, भेटले पण बोलले कुठे?

सकाळपासून सांगते. मी केंद्राच्या गेटवर जरा लवकरच जाऊन उभी राहिले. पोरापोरींचे घोळके येत होते, माझ्याकडे बघून एक मुलगा म्हणाला, काकू, पालकांनी बाहेर थांबायचंय. मी त्याला माझं हॉल तिकीट दाखवलं. तो एवढा ओशाळला की त्याने मला स्वतःचं जादाचं पेन देऊ केलं. स्टेशनकडून येणारी प्रत्येक रिक्षा मी बघत होते. एक गेली, दुसरी गेली, पहिली घंटा झाली. मी मनाशी म्हटलं, नाही आली तर तिकीट पोस्टाने पाठवून द्यायचं, रागवायचं नाही. आणि तू चालत आलीस. रिक्षाने नाही, चालत, निळ्या स्वेटरमध्ये, केस बारीक कापलेले. मी क्षणभर ओळखलंच नाही. तू तिकीट घेतलंस आणि विचारलंस, “आई, डबा आणलाय का?” मी दोघींचा आणला होता. पण मला नुसती मान हलवता आली.

तू माझ्या पुढच्या बाजूला बसली होतीस, तुझी पाठ मला दिसत होती. प्रश्न वाचला आणि मला बरं वाटलं, शोकाचाच आला होता, जरा फिरवून. मागच्या खेपेसारखं मी लगेच पेन उचललं नाही. कोऱ्या पानावर आधी ते एक वाक्य लिहिलं. ‘विहिरीतल्या बाईला माणसांनी बोलू दिलं नाही आणि दीपगृहातल्या बाईचं ऐकायला माणूस नव्हतं, दोघींचं दुःख एक आहे असं ज्याला वाटतं, तो फार लांबून पाहतो.’ कसं आहे? खरं सांग, चेष्टा केलीस तरी चालेल.

मग मुद्दे घेतले. एकांत, भाषा, रडण्याची जागा. प्रत्येक परिच्छेदात दोघींना समोरासमोर बसवलं. दीपगृहातली बाई रोज संध्याकाळी समुद्राशी मोठ्याने बोलते, तेव्हा मागच्या वर्षी मला ती वेडी वाटली होती. या वेळी मी लिहिलं की तिला निदान स्वतःचा आवाज ऐकू येतो, विहिरीतल्या बाईला तोही येत नाही, कारण तिच्याभोवती सगळे बोलतायत. शेवटी ‘दोन्ही श्रेष्ठ’ असं लिहिलं नाही. मला विहीर जास्त खरी वाटते, असं सरळ लिहिलं आणि का ते लिहिलं. कोणी रुसलं नाही. पास होईन की नाही ते मॅडमना माहीत, पण या वेळी कोणाला फेटा बांधला नाही एवढं नक्की.

मधे एकदा तू हात वर केलास, पुरवणी मागितलीस. मला इतका आनंद झाला की माझं वाक्य अर्धंच राहिलं. पर्यवेक्षिका बाई माझ्याकडे बघायला लागल्या, त्यांना वाटलं काकू कॉपी करतायत.

आणि मग ती चहाची टपरी. डब्यातली भाकरी आपण तिथेच खाल्ली. तू पेपरबद्दल काही बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. मग तू ग्लास खाली ठेवलास आणि म्हणालीस, “तुमचं दुसरं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सासवा असं लिहीत नाहीत.” मला हसावं की काय ते कळेना. आणि त्यानंतर तू जे म्हणालीस, ते मी इथे लिहून ठेवते आहे, कारण मला ते विसरायचं नाही.

“आई, तिची हनुवटी तुमच्यासारखी होती. मधे खळी असलेली. तुम्ही बघितलं असतंत तर तुम्हालाच आधी दिसलं असतं.”

मग तू म्हणालीस, “मी तिचं नाव ठेवलं होतं. निलेशलाही सांगितलं नाही. नाव ठेवायच्या आधीच गेली, असंच सगळे म्हणत होते, मग मी कोणाला सांगणार? मुक्ता.”

नेमके तेव्हाच तुझे सासरे गाडी घेऊन आले, लोकल चुकेल म्हणून घाई करायला लागले. तू उठलीस. मागे बसताना त्यांना म्हणालीस, आबा, भाषाविज्ञानाच्या पेपरला मी आदल्या दिवशीच येते, राहायला, माझी गादी उन्हात घाला. ते एवढे गडबडले की त्यांनी गाडी उलट्या दिशेला वळवली. मी तिथेच टपरीवर उभी राहिले, हातात दोन ग्लास धरून. तुला वाटलं असेल, बाईला सांगून काही उपयोग झाला नाही. तसं नव्हतं. मी बोलायला गेले असते तर तिथेच रस्त्यावर भोकाड पसरलं असतं.

घरी आल्यावर मी तुझ्या सासऱ्यांना सगळं सांगितलं. मी बघायला नको म्हणाले होते तेही सांगितलं. ते खळ्याच्या कडेला बसले होते. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, “मी बी न्हाई बघितलं. मी तर दवाखान्याच्या भायेर पानपट्टीवर हुबा व्हतो.” मग हळूच एकदा नाव उच्चारून बघितलं, आणि म्हणाले, “आपल्या घरात मुक्ता कुनी झाली न्हाई अजून. ही पैलीच.” मी बघितलं तर ते डोळे पुसत होते. एवढ्या वर्षांत मी त्या माणसाला रडताना पाहिलेलं नाही. आम्ही दोघं तिथे बसून रडलो, चांगलं पोटभर रडलो, आणि मग गादी उन्हात घालायला अजून सहा दिवस आहेत हे त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. त्यांनी ती आजच बाहेर काढली आहे.

निलेश शिफ्टवरून यायचा आहे. तुझ्या सासऱ्यांपाशी नाव माझ्या तोंडून गेलं, तेवढं माफ कर, पण त्याला मी सांगणार नाही, ते तू सांग. ते तुझं आहे, तू द्यायचं तेव्हा दे. आणि नंदाबाई किंवा दुसरी कोणी आपापलं घेऊन आली, तर या खेपेला चहा होणार नाही. दारातच सांगेन की आमच्या सुनेला बोलायचंय, आम्ही ऐकतोय, तुम्ही नंतर या.

तू ये. पेपरच्या आदल्या दिवशी ये, भाषाविज्ञान आपण ओट्यावर बसून वाचू. आणि वाचून झालं की मला तिचं सगळं सांग. हनुवटी सांगितलीस. डोळे कसे होते, बोटं कशी होती, केस होते का, तुझ्या मनात तिच्यासाठी काय काय होतं, जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं. मी मधे एकदाही माझं सांगणार नाही.

टपरीवर माझ्या तोंडून निघालं नाही ते खाली लिहिते आहे.

वाट पाहत असलेली,
मुक्ताची आजी